टिटवीची अंडी आणि गव्याचं वचन

एका जंगलात, बाळांनो, तळं एक होतं आणि पक्ष दोन होते.

एक पक्ष शिंगवाल्यांचा. दुसरा नखवाल्यांचा. ज्यांना शिंगंही नाहीत आणि नखंही धड नाहीत, असे ससे, होले, खारी, तितर हे मोजायला गेलं तर सगळ्यांत जास्त होते. पण त्यांना पक्ष नव्हता. त्यांना पोरंबाळं होती.

सिंहमहाराज लांबच्या डोंगरात राहायचे. तिथून इकडचं काही दिसायचं नाही, म्हणून इकडे एक सुभेदार असे. पूर्वी तो महाराजच नेमायचे. मग महाराजांच्या मनात आलं, सुभेदार वाईट निघाला की शिव्या आपल्याला बसतात. प्रजेनं निवडला तर प्रजा कुणाला शिव्या देईल? झालं. तेव्हापासून निवडणूक सुरू झाली.

मत द्यायची रीत अगदी सोपी. तळ्याचे दोन काठ. एक उंबराचा, तो शिंगवाल्यांचा; एक खडकाचा, तो नखवाल्यांचा. ज्याला मत द्यायचं त्याच्या काठावर जाऊन पाणी प्यायचं. दोन्हीकडे प्यालं तर मत बाद. मधोमध बगळेसाहेब एका पायावर उभे राहून बघायचे. ते निवडणूक अधिकारी. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. माशांच्या तर नव्हतेच.

तळ्याला जायची वाट मात्र एकच होती. ती माळावरून जायची. आणि त्या वाटेला अगदी लागून, चार खडे रचून, शेवंती टिटवीनं अंडी घातली होती. चार अंडी.

"वाटेवर का घातलीस?" असं तिला सगळ्यांनी विचारलं. तुम्हीपण विचाराल. अहो, टिटवीला झाडावर बसता येत नाही. तिला उघडा माळ लागतो. आणि तिनं घातली तेव्हा तिथं वाट नव्हती. वाट मागून सरकली. वाटा सरकतात, अंडी सरकत नाहीत.

शेवंतीची ही पहिलीच वीण होती. तिला झोप म्हणून नव्हती. पान वाजलं तरी ती उठून अंडी चाचपून बघायची. कोमट आहेत ना? आहेत. मग पुन्हा बसायची. की पुन्हा उठायची.

"अगं, अशी उठबस केलीस तर अंड्यांना वाटेल जत्रेत आलोय," शेजारची घोरपड ताराक्का म्हणायची.

"आक्का, निवडणूक आलीय. सगळं जंगल इथनं जाणार. एक खूर पडला तर?"

"मग सुभेदाराला सांग."

"सुभेदार कोण?"

"तेच तर अजून ठरायचंय," ताराक्का म्हणाली आणि उन्हात पसरली.

तर आधी काय असतं, दोन्ही पक्ष आपापल्या घरात निवडणूक घेतात. आपला उमेदवार कोण, हे ठरवायला. आधी शिंगवाल्यांची झाली. तिच्यात दोघं उभे होते. एक सांबर, मऊ बोलणारं. दुसरा दणकोजी गवा.

सांबर म्हणालं, "नखवाल्यांशीही बोलून बघू. पाणी एकच पितो आपण."

शिंगवाल्यांनी माना फिरवल्या. एक भेकर तर रडायलाच लागलं.

मग दणकोजी उठला. आधी त्यानं वारुळावर शिंगं घासली. मग म्हणाला, "गवा सरळ जातो! मधे दगड येवो, झाड येवो, कुणाची अंडी येवोत! गवा वळत नाही!"

"वळत नाही! वळत नाही!" सगळे ओरडले. सांबराला स्वतःच्या घरचंसुद्धा मत पडलं नाही.

शेवंतीनं हे माळावरून ऐकलं. तिनं उठून अंडी पुन्हा चाचपली.

तिचा नवरा भागोजी टिटवा म्हणाला, "घाबरू नको. नखवाल्यांचं बघू. ते समजूतदार असतील."

नखवाल्यांच्या घरात अस्वल आणि तरस उभे होते. अस्वल म्हणालं, "सगळ्यांनी मध खावा आणि झोपावं." तरस म्हणजे हसमुखराव. ते म्हणाले, "अंडी ही आपली न्याहारी आहे. आपल्या न्याहारीवर कुणी हक्क सांगायचा नाही!" आणि हसले. ते नेहमीच हसायचे, पण त्या दिवशी जास्त हसले. अस्वल पडलं.

"समजूतदार," शेवंती म्हणाली. भागोजी किडे शोधायला निघून गेला.

आता बघा हं गंमत. घरची निवडणूक संपली आणि खरी लागली. दोघांनी हिशेब केला. शिंगवाले शिंगांना मत देणार, नखवाले नखांना. उरलं कोण? ज्यांना पोरंबाळं आहेत ते.

दुसऱ्या दिवशी दणकोजी गवा माळावर हजर. शिंगांना वेली गुंडाळलेल्या. वेलींना फुलं. मागं तीस-चाळीस कार्यकर्ते.

"ताई, कशी आहेस? अंडी कशी आहेत?"

शेवंती पंख पसरून अंड्यांवर बसली होती. "बरी आहेत साहेब. जरा मागं सरता का? पाय."

"मी ही वाट वळवणार! गव्याचं वचन आहे!"

"पण साहेब, परवा तर तुम्ही म्हणालात, गवा वळत नाही."

दणकोजी जवळ वाकला. हळूच म्हणाला, "ते घरातलं बोलणं होतं गं. हे बाहेरचं."

दुपारी हसमुखराव आले. नखं चिखलात लपवून बसले. "ही अंडी नाहीत," ते म्हणाले, "ही माझी लेकरं आहेत." त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. कार्यकर्त्यांनी ते डोळ्यांतलं आहे असं सांगितलं.

त्या दिवसापासून शेवंतीची अंडी जंगलभर गाजली. आज ससे बघायला आले, उद्या नीलगाई. जो येई तो म्हणे, बघू बघू, हीच का ती अंडी? आणि अजून एक पाऊल पुढं टाकी. शेवंतीचा घसा बसला. एका माकडानं तर एक अंडं उचलून, "यांचं संरक्षण झालंच पाहिजे," असं भाषण केलं. भागोजीनं त्याचं नाक फोडलं तेव्हा खाली ठेवलं.

शेवंती बगळेसाहेबांकडे गेली. "साहेब, वाट नंतर वळवा. आज नुसत्या दोन बाभळीच्या फांद्या अंड्यांभोवती लावू द्या."

"अशक्य," बगळेसाहेब म्हणाले. "आचारसंहिता लागली आहे. नवीन काम करता येत नाही."

"आणि अंडी तुडवली तर?"

"तुडवणं जुनं काम आहे. त्याला बंदी नाही."

असं करत मतदानाचा दिवस उजाडला.

शेवंती पहाटेपासून वाटेच्या मधोमध उभी होती. मागं भागोजी अंड्यांवर बसलेला. पूर्वेकडून धूळ उठली. रानडुकरं, चितळं, नीलगाई, सगळे तहानलेले. आदल्या दिवशी कुणी पाणी प्यायचं नाही, अशीही रीत होती ना. जमीन हलायला लागली. शेवंतीचे पाय काडीसारखे. ते तिनं मातीत रोवले.

तिनं दोन्ही पंख पसरले आणि जीव खाऊन ओरडली. "टिटीव! टिटीव! इकडनं नाही! इकडनं नाही!"

सगळ्यांत पुढं एक म्हातारी नीलगाय होती. ती थांबली. तिनं शेवंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "रांग तिकडून आहे का?"

शेवंतीनं चटकन पंखानं गवत दाखवलं. "हो," ती म्हणाली. "तिकडून. त्या गवतातून."

नीलगाय वळली. मागचं चितळ वळलं. त्याच्या मागच्यानं पुढच्याला विचारलं, "काय झालं हो?" "रांग इकडून आहे." "कुणी सांगितलं?" "सगळे चाललेत ना!" अख्खं जंगल गुपचूप वळलं. दणकोजी गवासुद्धा रांगेत वळला. हसमुखराव मधेच घुसायला बघत होते, त्यांना एका साळिंदरानं मागं सारलं.

संध्याकाळपर्यंत गवत दबून लख्ख नवी वाट पडली. माळाला छान वळसा घालून तळ्याकडे जाणारी. अंड्यांना धूळसुद्धा लागली नाही.

"वळली गं बाई वाट!" ताराक्का म्हणाली. "सुभेदाराशिवाय वळली!"

शेवंती त्या रात्री पहिल्यांदा झोपली.

निकाल लागला. दणकोजी निवडून आला. शेवंती खडकाच्या काठावर प्यायली होती की उंबराच्या, ते मी तुम्हाला सांगणार नाही. मत गुप्त असतं, असं बगळेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते.

सकाळी तीन अंडी फुटली. तीन पिलं बाहेर आली आणि ओली ओलीच चालायला लागली. टिटवीची पिलं चटकन चालतात. चौथं आतून टकटक करत होतं.

तेवढ्यात ढोल वाजले. सुभेदार दणकोजी येत होता, मागं सगळं जंगल.

"ताई! वचन दिलं होतं. वाट वळवायला आलोय!"

"साहेब, वळली की वाट. ती बघा."

दणकोजीनं नव्या वाटेकडे पाहिलं. मग जुन्या वाटेकडे. "म्हणजे आता चालू वाट कुठली?"

"ती. गवतातली. वळशाची."

"मग तीच वळवावी लागेल."

"कुठं वळवणार?"

"इकडे," दणकोजी म्हणाला आणि सरळ तिच्या अंड्याकडे शिंग केलं.

"साहेब, ती वळलेली आहे! ती परत वळवली तर सरळ होईल!"

"ताई, मी वळवीन म्हणालो होतो. वळलेली सापडेल असं म्हणालो नव्हतो. दुसऱ्यानं वळवलेली वाट दाखवून मी प्रजेला फसवू?"

बगळेसाहेबांनी होकारार्थी मान डोलावली. आचारसंहिता उठली होती. आता नवीन काम करता येत होतं.

शेवंतीनं मागं पाहिलं. चौथ्या अंड्याला बारीकशी चीर गेली होती. चोच दिसत होती, नुसतं टोक. भागोजी तीन पिलांना घेऊन गवतात शिरला होता. दणकोजीनं पुढचा खूर उचलला.

ती पुढं झाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, पण गोड काढला. "साहेब, एवढा मोठा दिवस. पाऊल टाकण्याआधी दोन शब्द बोला ना!"

दणकोजीनं खूर खाली ठेवला.

दोन शब्द बोला म्हटल्यावर कुठला सुभेदार दोन शब्द बोलतो? तो बालपणापासून सुरू झाला. आईचं दूध, पहिलं शिंग, विरोधकांचे डाव. मग हसमुखराव उठले. ते म्हणाले, वाट सरळ करायची कल्पना मूळची आमच्या पक्षाची. त्यावर दणकोजी पुन्हा बोलला. अंडं फुटलं. पिलू बाहेर पडलं, आडवं झालं, उठलं. शेवंतीनं त्याला चोचीनं ढकलत ढकलत गवतात नेलं. कुणाचं लक्षच नव्हतं. टाळ्या चालू होत्या.

मग दणकोजी चालला. सरळ. त्याच्या खुराखाली टरफलं कुरकुरली. मागून सगळं जंगल गेलं. वाट परत जिथं होती तिथं आली. तिथं पाटी लागली: 'वचनपूर्ती मार्ग'.

वळशाच्या वाटेवर आता कुणी येत नव्हतं. तिथं गवत उगवायला लागलं. चार पिलं त्या गवतात किडे टिपत होती. शेवंती त्यांच्याभोवती फिरत होती. मोजत होती. पुन्हा मोजत होती.

"आता तरी बस की," ताराक्का म्हणाली. "चौघंही आहेत."

"आहेत ना?" शेवंती म्हणाली आणि बसली. मग लगेच उठली. लांबून ढोल ऐकू येत होते. सुभेदारसाहेब अजून एक वचन पुरं करायला निघाले होते.

तात्पर्य: बाळांनो, वचन विसरणाऱ्या पुढाऱ्यावर उगाच रागावू नका, तो निरुपद्रवी असतो. वचन पाळणारा भेटला, तर मात्र आधी पिलांना बाजूला घ्या आणि मग त्याला दोन शब्द बोलायला सांगा.