लेसकुळीच्या शब्दांची व तिमाजीपंतांचे साक्षीची हकीकत

श्रीवाग्देवीचे चरणीं मस्तक ठेवून, ऐकिलें तितकेंच लिहितों, पदरचें घालीत नाहीं. शके सत्राशें एक, विकारीनाम संवत्सर, श्रावणमासीं एके राज्यीं (नांव लिहूं नये ऐसी ताकीद आहे) टोपीकरांचा वकील दसऱ्यास येणार ऐसें वर्तमान आलें. मग महाराजांनीं कोशनवीस तिमाजीपंतांस हुजूर बोलावून आज्ञा केली कीं, "टोपीकरांचे बोलींत लेसकुळीचे शब्द बहुत. ज्या शब्दाचे शेपटीस लेस जडलें, त्याचे पदरीं ती वस्तु नाहीं ऐसें समजावें. दसऱ्यापर्यंत अर्थ लावून कोश पुरा करणें. न जाहल्यास किल्ल्यावर बेडी." आणि त्या दरबारची चाल ऐसी कीं, अर्थ नुसता लिहून चालत नसे, ज्यासी तो लागू त्या जित्या माणसानें भर दरबारीं बेलभंडार उचलून साक्ष द्यावी, आणि पुढें जन्मभर साक्षीप्रमाणेंच वागावें, न वागल्यास जीभ छाटावी. कोण्या शहाण्यानें ही चाल काढिली, देव जाणे!

मग एकेक शब्द येऊं लागला. केअरलेस म्हणजे बेफिकीर, त्यासी जामदारखान्याच्या किल्ल्या विहिरींत पाडणारा नाईक उभा राहिला. फिअरलेस म्हणजे निर्भय, त्यासी एक सरदार मिशांस पीळ देत आले आणि अंगावर पाल पडतांच दरबाराबाहेर पळाले, मग त्यांचे घोडे राखणारा मोतद्दार उभा केला. युजलेस म्हणजे निरुपयोगी, ऐसें वाचितांच अवघ्या दरबारानें महाराजांचे मेहुण्यांकडे पाहिलें, आणि मेहुण्यांनींही बिनतक्रार बेल उचलिला. शेमलेस म्हणजे निर्लज्ज, त्यासी तर रांग लागली. आणि उरला होपलेस, म्हणजे आशा सरलेला. त्यासी कांहीं केल्या साक्षी मिळेना. फांशीच्या कैद्यास पुसिलें, तो म्हणाला, "पंत, दोर तुटतो हो कधींमधीं." नव्वदीचे आजारी शास्त्रीबोवा म्हणाले, "वैद्यानें आजच नवी मात्रा दिली आहे, उगाच अभद्र बोलूं नका." दसरा उद्यांवर आला. पंतांस बेडी पडती तर त्यांचे कुटुंबास, सगुणाबाईस, कोण होतें? एकुलता पुत्र नागेश सात वर्षांमागें उत्तरेचे मोहिमेस गेला तो परतला नव्हता, कागद नाहीं, निरोप नाहीं. आणि बाई रोज दुपारीं त्याचें ताट मांडून, भात वाढून, मग आपण जेवीत. पंतांनीं रात्रभर विचार केला आणि दसऱ्यास स्वतःच बेलभंडार उचलून बोलिले, "माझा पुत्र येत नाहीं. मज आशा उरली नाहीं. होपलेस तो मी." कोश पुरा जाहला, वकील खूष जाहला, पंतांस शालजोडी मिळाली.

घरीं आले तों नागेशाचें ताट मांडिलेलें, आणि मागें साक्ष पाळितात कीं नाहीं हें पाहावयास चोपदार उभा. पंत म्हणाले, "ताट उचल. उद्यांपासून मांडूं नको." बाई बोलिल्या, "शपथ इकडून जाहली. मज कोणी पुसिलें? मी नाहीं उचलणार." मग पंतच वांकले, आणि ताटास हात लावितां नजर दाराकडे गेली, कां कीं आजवर दार वाजलें कीं त्यांचेंही मन आधीं धांवत असे. दरबारीं आपण खोटें बोलिलों, हें त्यांस तेव्हां कळलें. मग पंत हुंदके देत देत तें ताट फडताळांत पालथें घालून आले, आणि त्या दिवशीं त्या घरीं कोणी जेविलें नाहीं.

एवंच, होपलेस या शब्दाचा अर्थ कोशांत लिहिला आहे तो बरोबर आहे. साक्ष दिली तेव्हां खोटी होती; ताट पालथें पडलें तेव्हां खरी जाहली.