रामटेकेकाकांची खिडकी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात रामटेकेकाकांकडे रविवारी जेवायला जायचं असेल, तर एकच पथ्य पाळावं: जाकीट काढू नये. बाकीच्या देशी घरांत पाहुणा आला की आधी त्याचं जाकीट काढून घेतात आणि कपाटात कोंडतात. फोडणीचा वास लागला तर सोमवारी ऑफिसात बिचाऱ्याची पंचाईत नको. काकांकडे सगळं उलट. दार उघडायला ते स्वतःच जाडजूड कोट घालून येत. "ये बे पुणेकर. जाकीट राहू दे अंगात. खिडकी उघडी हाय."

खिडकी उघडी म्हणजे फट वगैरे नाही. मिशिगनचा जानेवारी, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि ओट्यासमोरची मोठी खिडकी सताड उघडी. खाली बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस जीव तोडून घरघरतोय, टेबलापाशी काकांची मुलगी प्रज्ञा हातमोजे घालून अल्जिब्रा सोडवतेय, आणि शालिनीकाकू हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आल्या तरी कोट न काढताच पानं मांडतायत. "डॅड, इट्स फ्रीझिंग!" असं प्रज्ञा दर रविवारी म्हणायची. "मग लिहिताना जोर लाव," असं काका दर रविवारी सांगायचे.

यातली खरी गंमत कळायला काकांची नोकरी सांगायला हवी. सुखदेव रामटेके, मूळचे नागपूरचे, ट्रॉयच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर. गाडीच्या दाराभोवती आणि काचेभोवती काळ्या रबराची पट्टी असते ना, सील म्हणतात ते, तेच यांचं काम. सोमवार ते शुक्रवार हा माणूस एकाच ध्यासात असे, की बाहेरचं आत आणि आतलं बाहेर जाता कामा नये. वारा नाही, पाणी नाही, आवाज नाही. आपण कौतुकानं नवी गाडी दाखवायला न्यावी, तर काका इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसत. दारात कागदाची पट्टी धरून ते दार लावायचे आणि पट्टी ओढून बघायचे. सुटली की चुकचुकायचे. नंतर आपल्याला गाडीत बसवून दारं लावायचे आणि बाहेरून हातवारे करायचे, बोंब मार म्हणून. मीही माझ्या सेकंडहँड गाडीत बसून भर पार्किंगमध्ये बोंब मारलेली आहे. "अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू गेलं," असा निकाल देऊन काकांनी मला आपल्या गाडीत बसवलं. तिथं मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. बाहेर काका शांतपणे कानामागे हात धरून उभे होते, आणि मग त्यांनी समाधानानं मान हलवली. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

असा माणूस रविवारी संध्याकाळी आपल्याच घराची खिडकी उघडून बसतो, म्हटल्यावर लोक तर्क लढवणारच. कुणी म्हणे ओव्हन बिघडलाय, कुणी म्हणे रक्तदाब. माझा स्वतःचा अंदाज असा होता की, आठवडाभर भोकं बुजवून माणूस कंटाळत असावा.

रविवारचा बेत कधी बदलायचा नाही. बीफचा खिमा आणि बटाट्याचं कॅसरोल. खिमा कांदा-लसणावर परतायचा, त्यात नागपूरहून आलेला काळा मसाला घालायचा. वर बटाट्याच्या चकत्यांचा थर, त्यावर मश्रूम सूपचा डबा उपडा करायचा, मग पुन्हा खिमा, पुन्हा बटाटा, शेवटी चीज. काचेची डिश फॉइलनं झाकून ओव्हनमध्ये जायची. चकत्यांची जाडी काका व्हर्निअरनं मोजत. "आधी ते व्हर्निअर धुवा," काकू म्हणत. बटाटे एकसारखे नसले की काही कच्चे राहतात आणि काहींचं पीठ होतं, हे काका मला इतक्या वेळा सांगत की झोपेतून उठवलं असतं तरी मी ते म्हणून दाखवलं असतं.

शेजारी एक छोटी डिशही असायची. तिच्यात खिम्याऐवजी राजमा. वाढण्याआधी काका मोठ्यांदा पुकारा करत, "डावीकडे बीफ, उजवीकडे बिनबीफ. लपवून खायचं नाही, फसवून वाढायचं नाही!" टेबलावर आम्ही चौघेच असलो तरी पुकारा चुकायचा नाही. मी अशा घरातला, जिथं अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात उकडतात. सुरुवातीचे काही महिने मी इमानदारीत उजवीकडे होतो. पुढं नाकानं दगा दिला आणि मी डावीकडे सरकलो. काकांनी कसलाही गाजावाजा केला नाही, फक्त माझ्या पानात कडेचा कुरकुरीत तुकडा आला. घरच्या फोनवर मी "बटाट्याचं काहीतरी असतं" एवढंच सांगतो हे कळलं, तेव्हा मात्र ते म्हणाले, "त्या काहीतरीले नाव हाय ना बे."

पुकारा झाला की हमखास दाराची बेल वाजायची. समोरच्या घरातल्या मिसेस नोवाक, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. खिडकीतून वास गेला की त्या सपाता घालून रस्ता ओलांडून यायच्या. बोलावणं असं कधी नसायचंच, वास हेच बोलावणं. मुळात हा पदार्थ त्यांचाच. रामटेके कुटुंब राहायला आलं त्याच आठवड्यात त्यांनी तो करून आणून दिला होता. त्यांच्या डिशमध्ये मसाला नव्हता, तो काकांनी घातला. मिसेस नोवाक आधी ठसकल्या आणि नंतर सरावल्या.

खिडकीचं खरं कारण मला एका रविवारी बटाटे सोलताना कळलं. मी थट्टेनंच विचारलं होतं. काका सालांकडे बघत बोलायला लागले.

"बापाले नोकरी लागली आणि आमी वस्ती सोडून भाड्याच्या खोलीत आलो. घरमालक बोलायले चांगला होता, पण नाकानं कडक. बड्याचं, म्हणजे हेच बीफ, आणलं की माय खिडकी लावायची. फटीत फडकं कोंबायची. चूल आत, धूर आत, आमीही आत. खोकला आला तं माय आमच्या तोंडावर पदर दाबायची. खोकायचं पण नाही! खिमा थोडा आणि बटाटे लय, कारण पुरवायचं असायचं. पण चव काय सांगू तुले. आणि सांगणार कोणाले?"

मग ते हसले. "इकडे आलो, आणि एक दिवस ही म्हातारी बीफ-बटाट्याची डिश हातात घेऊन भर रस्त्यानं आली ना! वर झाकण नाही, काही नाही. दारात उभी राहून विचारते, बीफ चालतं ना? मी नुसता बघतच राहिलो. शालिनीले वाटलं, याले काही झालं की काय. माझी आता एकच इच्छा हाय. मायनं या टेबलावर बसावं आणि खिडकी उघडी ठेवून हे जेवावं. बस्स. एकदा."

मला या माणसाचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं, ते मी सांगितलं नाही. "चकत्या जाड होतायत," म्हणालो.

माय काही येईना. एकदा व्हिसा नाकारला, एकदा गुडघे धरले, एकदा कुणाचं तरी बाळंतपण निघालं. काका वाट बघत राहिले आणि खिडकी उघडत राहिले. शेवटी एका ऑक्टोबरात माय, म्हणजे प्रज्ञाच्या आजी, आल्या. लोक आईवडिलांना उन्हाळ्यात आणतात, काकांनी ऐन थंडीच्या तोंडावर आणलं. आजी ठेंगण्या, काटक. नऊवारी, त्यावर प्रज्ञाचा जुना स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला.

पहिला रविवार. काका सकाळपासून ओट्यापाशी. कॅसरोल ओव्हनमध्ये गेलं, वास पसरायला लागला, आणि काकांनी खिडकी उघडली. एखाद्या उद्घाटनाची फीत कापावी तसा चेहरा होता त्यांचा. आजींनी नाक उचललं.

"बाबू, हे बड्याचं हाय?"

"हाव, माय."

आजी उठल्या. खिडकी लावली, पडदा ओढला, भांडी पुसायचं फडकं गुंडाळून खिडकीच्या तळाशी दाबून बसवलं. गुडघे धरलेल्या बाईला इतक्या चपळाईनं हालचाल करता येते हे कुणाला खरं वाटलं नसतं. विचार करावा लागला नाही त्यांना, हातांनाच ठाऊक होतं. "डॅड, से समथिंग," प्रज्ञा कुजबुजली. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. मागं एका पाहुण्यानं ही खिडकी जराशी लोटली होती, तर काकांनी त्याला जेवण संपेपर्यंत ऐकवलं होतं.

"थंडी वाजली का, माय? बरं केलं," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा कोट काढून खुर्चीवर टाकला. त्या दिवशी पुकाराही झाला नाही.

काकू पानं वाढायच्या बेतात होत्या तेवढ्यात बेल वाजली. आजी दचकल्या. झटकन पुढं होऊन त्यांनी डिशवर पदर पसरला आणि तिच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. दारात मिसेस नोवाक होत्या. काळजीत पडलेल्या. खिडकी बंद का, घरात कुणी आजारी आहे का, असं त्या विचारत होत्या.

"काय म्हणते ते?" आजींनी दबक्या आवाजात विचारलं.

"ती म्हणते, आज वास नाही आला, म्हणून काळजी वाटली."

"वास नाही आला म्हणून?"

"हाव."

"वास नाही आला म्हणून?" आजींनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी पदर उचलला आणि मिसेस नोवाकच्या पानात स्वतःच्या हातानं भलामोठा तुकडा वाढला. खिडकी मात्र बंदच राहिली.

पुढच्या रविवारी ओव्हन पेटवण्याआधी खिडकी लावून घेतली ती काकांनी स्वतः. त्याच्या पुढच्याही. वर्षानुवर्षांचा हट्ट त्यांनी असा गुंडाळून ठेवला, जणू तो कधी नव्हताच. मी खोडी काढली, "काय काका, सील लागलं?" तर म्हणाले, "हट्ट माझा, पण घास तिचा. तिच्या घशात अडकायला नको." मिसेस नोवाकना आता फोन करून बोलवावं लागे. दोन्ही म्हाताऱ्या शेजारीशेजारी बसून बटाटे कापायच्या, एक इंग्रजीत बोलायची, दुसरी नागपुरीत, आणि दोघींचं एकमत असायचं. चकत्या एक जाड, एक पातळ. काकांचं व्हर्निअर खणातून बाहेर आलं नाही. आम्ही जाकीट काढून, उबदार घरात जेवत होतो. मला तर ते जेवण परक्या घरी जेवल्यासारखं वाटायचं.

डिसेंबर आला. आजी आता आठवड्याभरात परतणार होत्या, हा त्यांचा शेवटचा रविवार. बाहेर बर्फ पडत होता. ओव्हन लावताना काकांनी खिडकीकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. कॅसरोल झालं, टेबलावर आलं, मिसेस नोवाकचा पत्ता नाही. काकांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"टीव्ही मोठा लावून बसली असेल. प्रज्ञा, जा बरं घेऊन ये तिला," काकू म्हणाल्या. प्रज्ञा कुरकुरत बूट घालायला लागली.

"थांब वं पोरी," आजी म्हणाल्या. "बर्फात कुठं जाते?"

त्या उठल्या. खिडकीच्या तळचं फडकं काढलं, पडदा सारला. खिडकी इतक्या दिवसांत आखडली होती, ती काही हलेना. आम्ही कुणीच मदतीला गेलो नाही. मग खटकन आवाज झाला आणि थंडगार वारा थेट टेबलापर्यंत आला. आजींनी डिशवरचं फॉइल ओढून काढलं आणि दोन्ही हातांत पदर धरून तो वाफेवर हलवायला लागल्या, वास समोरच्या घराकडे जावा म्हणून. तेवढ्यानं भागेना, तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"ओ नवाकबाई! बड्याचं झालं! या जेवायले!"

समोरच्या पोर्चमधला दिवा लागला.

प्रज्ञा टाळ्या वाजवत होती, काकू हसता हसता डोळे पुसत होत्या. काका कुठं दिसेनात. मी गॅरेजमध्ये गेलो. ते आपल्या गाडीत बसले होते, चारही दारं लावून. काचा आतून धुरकटल्या होत्या, तरी दिसत होतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, खांदे गदगदतायत, तोंड लहान मुलासारखं उघडं. मी अगदी दाराशी उभा होतो. मला एक हुंदकाही ऐकू आला नाही.

मी तसाच मागं फिरलो. टेबलाशी मिसेस नोवाक सपातांवरचा बर्फ झटकत होत्या, आणि आजी पानं वाढत होत्या.

"बाबू कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"गाडीचं सील चेक करतायत," मी म्हणालो, आणि जाकीट चढवून जेवायला बसलो.