दोन्हीकडून वरपक्ष

आमच्या मोताळ्याच्या गुलाबमामांना माणूस दिसतच नाही, स्थळ दिसतं. एस.टी.त शेजारी कुणी टेकलं, की तिकीट निघायच्या आत मामांचं सुरू, "गाव कोनतं? लगन झालं का?" एकदा दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सबाईंनाच त्यांनी कंपाउंडरचं स्थळ सुचवलं. बाई लाजल्या, शीर चुकली, मामा कोकलले. ते लग्न मात्र झालं!

"जोडी जमली पाह्यजे, बाकी सब झूट," हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाच्या तावडीत माझा धाकटा भाऊ सागर सापडला. तो येईल त्या पोरीला नाही म्हणायचा. शेवटी आईने वैतागून मामांनीच सुचवलेली धाड गावची मुलगी नक्की केली. सुपारी फोडायला सागर, मामा आणि मी जीपने पुढे निघालो. आईबाबा मागून येणार होते. बुलढाणा ओलांडलं आणि सागरने गाडी बाजूला घेतली.

"मामा, मले पोरी आवडत नाहीत. पोरं आवडतात. त्या पोरीच्या जिंदगीचं वाटोळं करू नका."

मला हे ठाऊक होतं, पण तो मामांना सांगेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मामांनी त्याला नीट न्याहाळलं आणि खडा टाकून पाहिला. "काऊन बे, तुले साडी नेसा वाटते का?"

"नाही मामा. अंग बाप्याचं असून आतून बाई असते कोनी कोनी, ते निराळं. मी अंगानं बाप्या, मनानंही बाप्याच. फक्त जीव बाप्यावर जडते."

"पण तू तं ट्रॅक्टर चालवतो! मिशा ठेवतो!"

"मिशीचा काय संबंध, मामा?"

मला वाटलं, आता बसते थोबाडीत. तर मामांनी कपाळावर हात मारला, "अबे, पंचाईत झाली ना! दोन्हीकडून वरपक्ष! पाहाले कोनं जायचं? पाय कोनं धुवायचे? सारेच रुसणारे, मंग समजूत कोन काढन?"

सागर रडता रडता फिसकन हसला. मी तर पदर तोंडात कोंबला.

मग मामांनी मुलीच्या बापाला फोन लावला. "दादा, पोरगी तुमची सोन्यासारखी आहे. चूक माह्यी, म्याच नीट पाह्यलं नाही. सोयरीक मोडतो." पलीकडून शिव्यांची लाखोली सुरू झाली. मामा नुसते "हाव, हाव" म्हणत राहिले. सागरवर त्यांनी काही येऊ दिलं नाही.

"तुह्या मायले मी समजावतो," फोन ठेवून ते म्हणाले. "कोनी आहे का मनात?"

सागरने लाजत मान हलवली.

"काय करते तो? शेती किती?"

हसून माझी पुरेवाट झाली. त्याच भरात मी विचारलं, "मामा, साऱ्या जगाची लग्नं जमवता, अन तुम्हीच काऊन बिनलग्नाचे राह्यले?"

मामा काचेबाहेर पाहू लागले.

"माह्यावाला नांदुऱ्याचा होता, पोरी. म्या जमवलेली पह्यली सोयरीक त्याचीच."