त्रोत्वारवरची खुर्ची

वृद्धाश्रमाच्या खोलीत घरची एकच खुर्ची मावणार होती. कोणती न्यायची, हे एल्सबेथआजींनी कधीच ठरवलं होतं: फ्रिडोलिनची. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनीच ती नवऱ्याला भेट दिली होती. मागच्या हिवाळ्यात तो गेला, तोवर रोज संध्याकाळी तिच्यातच बसायचा.

गाडी येण्याआधी खुर्ची खाली त्रोत्वारवर ठेवून आजी घरमालकांना किल्ली द्यायला वर गेल्या. रस्त्याकडेच्या पायवाटेला बर्नमध्ये त्रोत्वारच म्हणतात. शब्द फ्रेंचांचा, पण तिच्यावरची शिस्त अस्सल बर्नची. तिथे सामान टाकून गेलात तर लोक नाक मुरडतात; 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावलीत तर तेच लोक आभार मानतात.

शेजारचे आमश्टुत्स शिस्तीचे पक्के आणि मनाने चांगले. आजींना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनी तशी चिठ्ठी लिहिली आणि खुर्चीच्या पाठीला चिकटवली.

आजी खाली आल्या, तर खुर्ची गायब!

"दोन मिनिटांत खपली!" आमश्टुत्स अभिमानाने म्हणाले. "बेकरीवाल्या बाईंनी नेली."

आजी मटकन पायरीवर बसल्या. "अहो, घरातलं तेवढंच नेणार होते मी."

आमश्टुत्सांचा चेहरा उतरला. "चला, आत्ता आणू."

बेकरीवाल्या बाई घुटमळल्या. "खुर्ची छानच हो! पण... जागाच नाही. न्हाव्याच्या दारात ठेवली."

न्हावी म्हणाला, "सुरेख खुर्ची! पण रंग जुळेना. कोपऱ्यावर ठेवलीय."

कोपऱ्यावरच्या त्रोत्वारवर ती चिठ्ठीसकट उभी होती. आजींचा जीव भांड्यात पडला, पण मनाला लागलंही. "एवढी चांगली खुर्ची, आणि कुणालाच नको?"

दम लागला होता, म्हणून बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या तिच्यात टेकल्या. आणि ताडकन उठल्या.

"काय झालं?"

"स्प्रिंग! सुईसारखी टोचते मेली!" आजी खुर्चीकडे बघत राहिल्या. "मी विचारायचे, बरी आहे ना रे? तर म्हणायचा, 'अख्ख्या बर्नमध्ये अशी खुर्ची नाही.'"

आमश्टुत्सांना हसू आवरेना, आणि हसावं की नाही तेही कळेना. हळूच म्हणाले, "मग राहू दे का इथेच?"

आजींनी डोळे पुसले आणि पुन्हा, अगदी सावकाश, तिच्यात बसल्या.

"गाडीवाल्याला म्हणावं, जरा थांब," त्या म्हणाल्या. "मला सवय करू दे."