आघाव सरांचं पाणी

लग्नाच्या पंगतीत पाण्याचा ग्लास समोर आला, की आघाव सर खिशातून एक काळी बाटली काढतात आणि ग्लासात तिचे दोन थेंब टाकतात. पाणी दुधासारखं गढूळ होतं. यजमान घाबरतो. "घाबरू नका, विष न्हाई. क्लोराईड हाय," असं सांगून सर तो ग्लास ओतून देतात, दुसरा मागवतात आणि तेच पाणी शांतपणे पितात. आता याला काय म्हणावं?

जिंतूरच्या आमच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवतात, मी भूगोल. काळ्या बाटलीत असतं सिल्व्हर नायट्रेट; पाण्यात क्लोराईड, म्हणजे विरघळलेलं मीठ, असलं की ते पाणी गढूळ करतं. त्याने सरांची बोटं कायम काळी. एकदा मतदानाला गेले, तर तिथल्या बाईंनी सगळी बोटं बघून विचारलं, "किती ठिकाणी मत देऊन आलात?" त्यावर सरांनी बाईंना त्यांच्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट कसं असतं ते समजावून द्यायला घेतलं. मागे उन्हात रांग उभी होती आणि त्या रांगेत मी होतो. माझा तो राग अजून गेलेला नाही.

क्लोराईड त्यांना माणसांतही दिसतं. "प्राचार्य बरा माणूस हाय, पण क्लोराईड लय." माझ्याबद्दल माझ्या तोंडावर म्हणाले, "तुमच्यात जरासं हाय. गाळून जात न्हाई ते."

हेही मी सोसलं असतं. पण पाण्याचं सोसवेना. त्यांच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करणारं यंत्र आहे. दिवसभर थेंब थेंब डिस्टिल वॉटर पडतं आणि त्या थेंबांवर अख्ख्या गावाचा डोळा, कारण लाईट जाते आणि घरोघरी इन्व्हर्टर आहे. कुणी बाटली घेऊन आलं, की सर दारात आडवे. "ही लॅब हाय का पाणपोई?"

माझी मुलगी बारावीला. ऐन परीक्षेच्या तोंडावर बॅटरी कोरडी पडली, म्हणून मी एक बाटली मागितली. एक. शेजारच्या वर्गातल्या माणसाने.

"दुकानात मिळायलंय की," सर म्हणाले. "त्यात क्लोराईड असतंय, पण तुमाला चालतंय."

त्याच संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सरांनी यंत्राखाली बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि गुपचूप पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाला तत्त्वं सांगायची आणि स्वतः कॉलेजचं पाणी घरी न्यायचं! जाब विचारायला मी थेट त्यांच्या घरी गेलो.

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून सर एकटेच राहतात. काकूंची फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटचे काही महिने त्या घरीच, ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीत कॉट होती आणि कॉटशेजारी ती मशीन, काकूंच्या शालीखाली झाकलेली. भिंतीला लागून बाटल्याच बाटल्या. सगळ्या भरलेल्या, एकही न उघडलेली. सर पिशवीतली बाटली त्यांच्या शेवटी ठेवत होते.

"सर, हे काय?"

"ऑक्सिजन ओला करायला मशीनच्या भांड्यात डिस्टिलच लागतंय. साधं घातलं की भांड्याला क्षार धरतंय."

"पण सर, काकू तर…"

"ठाऊक हाय मला." ते बराच वेळ काळ्या बोटांनी बूच पुसत राहिले. "पाच वाजले की हात आपोआप बाटली धरायलाय. काय करू मी?"

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सरांनी एक बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"न्या. पोरीचा अभ्यास हाय. पाणी लय चांगलं हाय हो, उगं वाया जायलंय."

ती बाटली माझ्या कपाटात तशीच आहे. बॅटरीत मी दुकानातलं पाणी घातलं.

परवा स्टाफरूममध्ये आमचा हेडक्लार्क डोळे मिचकावत म्हणाला, "आघाव सर रोज पाणी नेतात घरी. प्राचार्यांच्या कानावर घालावं म्हणतो." मी हातातला चहा टेबलावर असा आपटला, की त्याच्या फायलींवर सांडला.

"घालून तर बघा," मी म्हणालो. "तुमच्यात क्लोराईड लय हाय."