तोतारामचा खारट घाम

ढोंग ओळखावं ते मीच! कुणी खोकला तरी मला कळतं, घसा खवखवतोय की मला टाळायचंय. त्यामुळे रावेरजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली, तेव्हाच मी कामिनीला, म्हणजे बायकोला बजावलं, "यंदा वांगी ठेचायला तुझे दाजी बसतील. पळू देणार नाही!"

दाजी म्हणजे माझा साडू तोताराम. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून होईपर्यंत गप्पा ठोकणार, आणि लाकडी बडगीत ती ठेचायची वेळ आली की कधी कंबर धरणार, कधी डोळ्यांत धूर जाणार!

यंदा मुसळ हातात देताच तो मटकन खालीच बसला.

"भो, छातीवर कोन्ही बसेल आहे असं वाटतं. डावा हात भरून आला."

"अरे, अजून मुसळ उचललंसुद्धा नाहीस!"

"जबडा बी दुखतो."

"तो बोलून बोलून!"

डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम! मी ताडलं, पंपावर तोंड ओलं करून आला असणार. बोटानं टिपून जिभेला लावलं. खारट! म्हणजे पाण्यात मीठही घातलं! काय ही तयारी!

आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे पितांबरआबा म्हणाले, "गॅस आहे त्याले. सोडा पाजा, घडीभर पडू द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बरा ऐकेन! पडून राहायलाच तर हवंय त्याला! मोबाईल काढून मोठ्यानं म्हणालो, "सोडा नको. १०८ लाच फोन लावतो!" ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की भलेभले ताडकन उठतात.

तोताराम कण्हला, "लवकर लाव."

कसलेला नट! पण आता माघार कोण घेतो? लावला फोन! तो झाडाखाली जायला उठू लागला, तसा मी खांदे दाबून बसवला. "एक पाऊल टाकायचं नाही!" पळाला असता ना! ॲम्ब्युलन्समध्येही मी शेजारी बसलो, पहारा म्हणून.

जळगावला डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघितला. "हार्ट अटॅक आहे. आत घ्या, ताबडतोब!"

तेव्हा कुठे मी साडूचा चेहरा नीट बघितला. चुलीतल्या राखेसारखा झाला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वाचले! गॅस समजून झोपवलं असतं तर अवघड होतं. चालूही दिलं नाहीत, शाबास! कुणी ओळखलं?"

मागून येऊन पोचलेल्या सगळ्यांची बोटं माझ्याकडे! आबांनी तर पाठच थोपटली.

दुसऱ्या दिवशी तोतारामनं डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. "भो, माह्यासाठी एवढी घाई काहून केली तू? खरं सांग."

"माया रे! दुसरं काय?"

कामिनी तपासायला आलेल्या डॉक्टरांकडे वळली. "यांचाही कार्डिओग्राम काढा. एवढं खोटं बोलून छाती धडधडत असेलच की!"

काढला. अगदी नॉर्मल आला! तेव्हापासून ती माझ्याकडे जास्तच संशयानं बघते.