सातशे पत्रे एके मुहूर्ती सुटली त्याची हकीकत

श्री गणरायास नमन करून आणि राग आवरून वर्तमान लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघमासी आमच्या सातशे घरांच्या राज्यात मोठा अनर्थ जाहला. राज्याचे तळे बुजवून तेथे बाजार बांधावा, ऐसा घाट कारभारीयांनी घातला. पौर्णिमेस सभा, सातशे घरांपैकी निम्मी आली तर तळे वाचेल, नाही तर जाईल. घरोघर मेल धाडून लोक जमवावे, हे काम अंताजीपंत डबीर यांजकडे आले. पंत तापट आणि मानी. बड्या डाकवाल्यांचे, म्हणजे फुकट मेल देणाऱ्या कंपन्यांचे, नाव काढिताच भडकले, "आमचे पत्र परक्याने वाचावे आणि वर उपकाराचा आव आणावा? आम्ही आपला सर्व्हर उभा करू!" मग पंतांनी सर्व्हर उभा केला, आणि त्यास पत्ता दिधला, आणि आपल्या नावे कोणी पत्र धाडावे याची यादी वेशीवर लाविली, आणि पत्रोपत्री नक्कल न होई ऐसा शिक्का बसविला, आणि आठ दिवस जेवणाची शुद्ध राहिली नाही. मग जामदारखान्याच्या सगुणाबाई बोलिल्या, "पंत, डाक नवी, बाहेर कोणी ओळखत नाही. रोज दहा-वीस पत्रे सोडा, ओळख पडू द्या." पंत उसळले, "अक्षता का रोज दहा-दहा टाकितात? शुभकार्य मुहूर्तावरच सुटेल!" आणि जोशीबोवांनी दशमीस सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढिला, आणि त्या पळास सातशेच्या सातशे पत्रे एकदम सुटली. बड्या डाकवाल्यांनी पाहिले, पत्ता अनोळखी आणि पळभरात सातशे. हा तो दरोडाच. परंतु तोंडावर सातशे वेळा 'मिळाले' म्हणाले आणि पत्रे नेऊन स्पॅममध्ये, लॉटरीच्या आणि केस उगविण्याच्या औषधांच्या पत्रांत कोंबिली. सरळ नाकारिती तर पंत चपला घालोन दारोदार फिरते. हा दगा! हा निव्वळ हरामखोरपणा! आणि जाब विचारावा तर तिकडे माणूसच नाही.

पंत मात्र 'मिळाले' वाचोन मिशीस पीळ देत राहिले. पौर्णिमेस चारशे खुर्च्या मांडिल्या, आणि आले अकरा. कारभारीयांनी चहा निवण्याआधी ठराव केला. पंतांच्या अंगाची लाही जाहली. तैसेच उठोन शेजारी धोंडोबा शिरवळकर यांचे घरी शिरले आणि गरजले, "तळे गेले, आणि तुम्ही पोहे खात बसलात?" धोंडोबा दचकले, "सभा आज होती? अहो, कळवायचं तरी! सगळी आळी घेऊन आलो असतो." मग पंतांनी त्यांचा फोन हिसकावून स्पॅम उघडिले आणि पत्र दाखविले, शिक्क्यासुद्धा शाबूत. धोंडोबांनी ते वाचिले, दोनदा वाचिले, आणि रागे रागे म्हणाले, "पंत, तुमची-आमची भिंत एक. एक हाक मारायला काय झालं होतं?" पंतांनी फोन परत केला आणि चपला पायांत सरकविल्या.

येणेप्रमाणे सर्व्हर उत्तम चालला आणि तळे गेले. जे जाहले ते लिहिले.